कान

मी फ्लेक्स करतो. बिंदू चौकामागच्या बोळात,
लोखंडी जिना चढून वर.
वाढदिवस, बारसं, तेरावा, निवड झाल्याबद्दल हार्दिक,
सगळ्यांचे गाल मीच घासतो.
दर स्क्वेअर फुटावर.

हर्षला तोडकरचं पदक आलं त्या रात्री
एकशे चाळीस बोर्ड लागले.
तालीम मंडळ, पतसंस्था, दूध डेअरी,
आणि तिला उभ्या जन्मात न बघितलेले चौदा मामा.
फोटो सगळ्यांकडं एकच, पेपरातला.
त्यात ती खाली बघून
घोट्याची पट्टी आवळत होती.

"डोळं वर कर की तिचं," पहिलं गिऱ्हाईक म्हणालं.
केले.
"रंग जरा उजळ."
उजळला.
"आणि ते कान तेवढं बघ बाबा."

तिचे दोन्ही कान मोडलेले.
आधी मातीत, मग मॅटवर, पहाटे साडेचारला
दुसरीच्या डोक्याशी घासून घासून
घट्ट झालेले, भज्यांसारखे.
तालमीत असा कान म्हणजे सही.
वस्ताद नव्या पैलवानाचं तोंड बघत नाहीत, कान बघतात.
पण बोर्डावर पोरगी हाय, उद्या लग्नाची हाय,
असं मामांपैकी एकजण म्हणाला.

सोनाराच्या जाहिरातीतून कान आणले.
झुमक्यांसकट आले. झुमके काढले,
भोकं बुजवली.

तीन आठवडे, दसरा चौकापासून कावळा नाक्यापर्यंत
दुसऱ्या कुणाचे तरी कान लावून
हर्षला हसत उभी होती.
जीपवरून मिरवणूक निघाली, गुलाल गटारापर्यंत वाहिला.
चॅनेलवाल्या बाईनं माईक पुढं केला:
स्वयंपाक येतो का? भाकरी थापता का?
येते म्हणाली बिचारी.
दुसऱ्या दिवशी चार कॉलम, भाकरीसकट.
जिंकली की कोल्हापूरची लेक,
हरली की तोडकर,
हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका दुपारी ती स्वतःच जिना चढून आली.
स्क्रीनकडं बघितलं. "ह्या कोण?"
"तुम्हीच की."
केस मागं सारले तिनं, डावा कान माझ्यासमोर धरला
एखादी पावती दाखवावी तसा.
"ह्यो मुरगूडच्या मैदानात फुटला.
सुईनं रक्त काढलं, दोन दिवसांत पुन्हा भरलं.
उशीवर ह्या अंगावर झोपता येत न्हाई अजून.
चार वर्षं लागली कमवायला.
तुम्हाला काढायला किती वेळ लागला?"
मी खरं ते सांगितलं:
चहा सांगितला होता, तो यायच्या आत झालं.
ती हसली. लै हसली.
चहा घेऊन गेली, बोर्डाबद्दल काहीच बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर रोहतकला पहिल्याच फेरीत चितपट.
अकरा ओळी, आतल्या पानावर.
आणि फोटो: गाल मॅटवर दाबलेला, तोंड उघडं,
आणि मधोमध, लख्ख,
तिचा डावा कान.
हरलेल्याचा फोटो कुणी घासत नाही.
दर ठरवायलाच कुणी येत नाही.

परवा वडणग्याकडं गेलो होतो. गुऱ्हाळावर
चिपाडांच्या ढिगाला आमचाच बोर्ड झाकलेला.
उन्हानं तोंड पांढरं पडलंय,
"अभिनंद" एवढंच राहिलंय.
सोनाराचे कान मात्र जसेच्या तसे.
शाई चांगली वापरतो मी.

काल पेठेतलं एक पोरगं आणलं त्यांनी, फुटबॉलचं.
फायनलला गोल मारला, हेडर. पुढचा दात नाही.
"दात लावून दे, मोठा बोर्ड हाय."
विचारलं, दात कसा गेला?
"तुला काय करायचंय?"
खरंच, मला काय करायचंय.
दात लावला. पोटाचा प्रश्न आहे, जीएसटी आहे.
पण मूळ फाईल पुसली नाही.
तशा फायलींचं एक फोल्डर आहे माझ्याकडं,
त्याचं नाव 'कान'.
आता त्यात एक दात पण आहे,
नसलेला.